जळलेली मोटार तशीच आणा, आतलं तांबं काढून आणू नका

बेळगावात आमच्याकडे बेळवट्टी-खानापूरकडचे शेतकरी येतात, वडगाव-शहापूरचे यंत्रमागवाले येतात आणि उद्यमबागेतले फाउंड्री-मशीनशॉपवालेही येतात. कामं वेगळी, पण विचारणं सारखंच. रिवायंडिंगचा, म्हणजे जळलेल्या विजेच्या मोटारीत नवी तार भरायचा, रेट गेल्या वेळेपेक्षा जास्त का? आणि परवा देतो म्हणालात, मोटार अजून का नाही झाली? दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा तांब्यापाशीच येऊन थांबतात, म्हणून हे पत्रक छापलं आहे.

आधी उशिराचं सांगतो. हल्ली बऱ्याच मोटारी आमच्याकडे पोकळ होऊन येतात. भंगारात तांब्याला भाव आहे, 5 एचपीच्या मोटारीत तीनेक किलो तरी निघतं, मग कुणीतरी छिन्नी लावून जुनी कॉइल ओढून काढतो, विकतो आणि नुसता सांगाडा आमच्या दारात ठेवतो. जळलेल्या तांब्याला भंगारवाला कमी भाव देतो, तो भाग वेगळाच. खरं नुकसान असं की त्या जळक्या कॉइलमध्येच मोटारीची सगळी माहिती असते. एका खाचेत किती टर्न (तारेचे वेढे), तार किती गेजची, एकेरी की दोन तारा जोडून, पिच (कॉइल कुठल्या खाचेतून कुठल्या खाचेत जाते ते) एक ते आठ की एक ते नऊ, आतलं कनेक्शन कसं, हे सगळं आम्ही जुन्या कॉइलवरून घेतो. एक कॉइल कापून तारा एकेक मोजतो, इनॅमल जाळून मायक्रोमीटर लावतो. तासाभरात काम होतं. कॉइलच नसेल तर कोअरची (लोखंडी पत्र्यांच्या गाभ्याची) लांबी, बोअर (आतला व्यास), खाचा मोजून हिशेब मांडावा लागतो, एकदा भरून चालवून बघावं लागतं. टर्न कमी पडले तर मोटार रिकामी चालतानाही करंट जास्त घेते, जास्त झाले तर भार ओढत नाही. त्यात दोन दिवस जातात आणि मजुरीही वाढते. नेमप्लेट उपटलेली असली तर मग बोलायलाच नको.

आणखी एक. कॉइल कशी जळली ते बघून मोटार का जळली ते कळतं. तीन फेजच्या कॉइल स्टार किंवा डेल्टा अशा दोन पद्धतींनी जोडतात. स्टार कनेक्शनमध्ये दोन फेजच्या कॉइल काळ्या ठिक्कर आणि तिसऱ्या फेजच्या कोऱ्या असल्या, तर एक फेज गेलेला असताना मोटार चालली, हे नक्की. डेल्टामध्ये तेच उलट दिसतं, एकच फेज काळा. सगळी सारखीच करपली असेल तर व्होल्टेज कमी किंवा भार जास्त. रात्री थ्री फेज येतो, डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) एक फ्यूज उडतो, इकडे ऑटो स्टार्टरमध्ये कंडेन्सर टाकून ठेवलेला असतो, त्यामुळे दोनच फेजवर मोटार घुमत राहते आणि सकाळी वास येतो. हे न बघता नुसतं भरून दिलं, तर पंधरा दिवसांत तीच मोटार परत. तेव्हा शिव्या आम्हालाच.

म्हणून कॉइल आत असू द्या. जुनं तांबं तुमचंच आहे. तुमच्यासमोर वजन करून त्या दिवसाच्या भावाने बिलातून वजा करतो, किंवा पिशवीत भरून परत देतो.

आता रेट. उद्यमबागेतली मंडळी हमखास विचारतात, "ऑर्डरी नाहीत, दुसरी शिफ्ट बंद आहे, जगभर मंदी म्हणतात, मग तांबं का उतरत नाही?" प्रश्न बरोबर आहे. 2008 मध्ये उतरलंच होतं. जुलैत लंडनच्या बाजारात टनाला जवळपास 9 हजार डॉलर असलेलं तांबं वर्ष संपता संपता 3 हजारांच्या खाली आलं. त्याआधीची बरीच वर्षं जगाचा व्यापार जगाच्या उत्पन्नापेक्षा खूप वेगाने वाढत होता. त्यानंतर तो वेग परत आला नाही. 2023 मध्ये तर मालाचा व्यापार थोडा घटलाच. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्क्यांपर्यंत जकात लावली, तेव्हा तिकडे कास्टिंग पाठवणाऱ्यांचं काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको.

पण या वेळची मंदी 2008 सारखी एकदम कोसळलेली नाही, ती नुसती रेंगाळते आहे. जहाजं कमी भरली म्हणून विजेच्या तारा ओढायच्या थांबत नाहीत. सोलर, बॅटरीच्या गाड्या, सगळ्याला तांबं लागतं आणि खाणी चिली, पेरू, काँगो अशा मोजक्याच देशांत. 2025 च्या सप्टेंबरमध्ये इंडोनेशियातल्या ग्रासबर्ग खाणीत चिखल घुसला, काम थांबलं आणि भाव उसळला. तमिळनाडूत तूत्तुकुडीचा तांब्याचा मोठा कारखाना 2018 मध्ये बंद झाल्यापासून आपला देशही शुद्ध तांबं बाहेरून जास्त आणतो. म्हणजे डॉलर चढला की आमची तार महाग. म्हणून आमचं कोटेशन सातच दिवस चालतं. मजुरी आम्ही महिन्या-महिन्याला बदलत नाही, बिलात तार आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेली असते, ताडून बघा.

"एवढं देण्यापेक्षा नवीनच घेतो" असंही ऐकतो. घ्या, आमची ना नाही. टीव्हीवर तर रोज सांगतात की लोकांनी खरेदी केली तरच चाक फिरेल. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी उतरवला तो त्यासाठीच. देशाच्या उत्पन्नात घरोघरच्या खर्चाचा वाटा 60 टक्क्यांच्या आसपास आहे, त्यामुळे सरकारचंही खरंच. पण बाहेरची ऑर्डर थांबली की ओव्हरटाइम थांबतो, आणि ओव्हरटाइम थांबला की फ्रिजचा हप्ताही थांबतो. गावाकडे तर उसाचं बिल जमा होईपर्यंत कोणीच काही घेत नाही. निर्यातीची तूट घरच्या खरेदीतून भरून काढायची म्हणतात, ती खरेदी कुठल्या पगारातून, हे मला तरी अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. दुरुस्तीवर पोट असलेला माणूस असंच म्हणणार, हेही खरं.

तरी नवीन कधी घ्यावी ते सांगतो. 1 एचपीच्या खालची मोटार असेल, किंवा आधी कुणीतरी गॅसच्या ज्योतीने कॉइल जाळून काढून कोअरच्या पत्र्यांचं इन्सुलेशन घालवलं असेल, तर रिवायंडिंगला पैसे घालू नका. कोअर तपासून आम्हीच तसं सांगतो. कारखान्यात दोन शिफ्ट पूर्ण भारावर चालणारी 5 एचपीची मोटार वर्षाला 20 हजार युनिटांच्या आसपास खाते. तिथे आयई3 (कमी वीज खाणारी) मोटार घेतली तर वीजबिलातून पैसे वसूल होतात. आपल्या कर्नाटकात शेतीच्या पंपाला 10 एचपीपर्यंत वीज फुकट, तिथे हा हिशेब लागत नाही. तिथे चांगलं रिवायंडिंगच परवडतं.

मोटारीसोबत स्टार्टरही आणा, फुकट तपासून देतो. एक फेज गेला की मोटार बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आमच्याकडे मिळतो. रिवायंडिंगबरोबर घेतला तर बसवण्याचे पैसे घेत नाही आणि त्या मोटारीला सहा महिन्यांऐवजी वर्षाची गॅरंटी देतो. कंडेन्सर लावून दोन फेजवर चालवलेल्या मोटारीला मात्र गॅरंटी नाही. रविवारी वर्कशॉप बंद असतं, पण उसाचं पाणी चालू असताना मोटार बसली तर फोन करा, उघडतो.