सेकंडहँड डिजिटल रेंजफाइंडर: शटर काउंट राहू दे, आधी रोलर बघा

सेकंडहँड डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा विकायला निघाला की लोकांचे दोनच प्रश्न असतात, शटर काउंट (आजवर किती फोटो काढलेत) किती आणि सेन्सर सीसीडी (जुन्या प्रकारचा सेन्सर) आहे ना. विचारा की, कोण नको म्हणतंय, पण जी गोष्ट बिघडली तर फोटोमागून फोटो थोडा-थोडा हुकलेला येतो तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. लेन्स काढा आणि माउंटच्या आत वरच्या बाजूला बघा. एक बारीक चाक दिसेल, दांड्याच्या टोकाला बसवलेलं. हा रोलर. कॅमेऱ्याचा फोकस खरा की खोटा ते हा ठरवतो.

डीएसएलआरमध्ये आपण लेन्समधून बघतो, मिररलेसमध्ये सेन्सरला दिसतं ते बघतो, पण रेंजफाइंडरमध्ये लेन्समधून बघणं हा प्रकारच नाही. वरच्या कोपऱ्यातल्या खिडकीतून बघायचं, आणि तिथून काही सेंटिमीटरवर अजून एक छोटी खिडकी असते, तिच्यातून आलेली प्रतिमा मधल्या उजळ चौकोनात दिसते. लेन्सची रिंग फिरवली की लेन्सच्या मागचं धातूचं कडं पुढे-मागे सरकतं, ते रोलरला ढकलतं, रोलरचा दांडा आतला काचेचा भाग हलवतो, आणि चौकोनातली प्रतिमा मुख्य प्रतिमेवर चपखल बसली की फोकस झाला. त्रिकोणाचा पाया माहीत असेल आणि कोन मोजला तर समोरच्या वस्तूचं अंतर निघतं, शाळेत नदीची रुंदी काढायचं गणित होतं तेच हे. लायकाच्या एम कॅमेऱ्यांत हा पाया ६९.२५ मिलिमीटरचा आहे.

आता हा रोलर किती बारीक मोजतो ते बघा. ५० एमएमची लेन्स अनंतापासून १० मीटरवर आणायला ती फक्त पाव मिलिमीटर पुढे सरकते. १ मीटरवर आणायला साधारण २.६ मिलिमीटर. म्हणजे तुमच्यापासून मीटरभरावर बसलेल्या माणसापासून ते पार क्षितिजापर्यंतचं सगळं जग त्या अडीच-पावणेतीन मिलिमीटरमध्ये कोंबलेलं असतं. रोलर केसाच्या जाडीएवढा, म्हणजे ०.०७ मिलिमीटर, जरी सरकलेला असला तरी १ मीटरवर फोकस अडीच सेंटिमीटरने हुकतो. एफ/१.४ ला, म्हणजे लेन्सचं ॲपर्चर (प्रकाश आत येणारं भोक) खूप उघडं असताना, त्या अंतरावर शार्प दिसणारा पट्टा पुढे-मागे मिळून जेमतेम ३ सेंटिमीटरचा, म्हणजे अर्धा-अर्धा वाटला तर दीडच. डोळ्यावर नेम धरलात आणि कान शार्प आला, तो असा. आणि एवढी गडबड व्हायला कॅमेरा एकदा टेबलावरून पडला तरी पुरतं, बाहेरून ओरखडासुद्धा नसेल, शटर काउंट अगदी कमी असेल, तरी आतला दांडा हललेला असू शकतो.

मला या यंत्रातली सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच आहे. त्रिकोणातला कोन मोजताना डोळ्याची जी बारीकशी चूक होते तिच्यामुळे अंतरात येणारी चूक अंतराच्या वर्गाने वाढते, दुप्पट लांब गेलात की चौपट चूक. ऐकायला भयंकर वाटतं. पण डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे तो शार्प दिसणारा पट्टा, तीसुद्धा ढोबळमानाने अंतराच्या वर्गानेच वाढते! दोन्ही वर्ग एकमेकांना काटतात आणि अंतर हिशोबातून उडूनच जातं. उरतं काय, तर फोकल लेंथचा (लेन्सवरच्या एमएमच्या आकड्याचा) वर्ग भागिले एफ नंबर. हा आकडा जितका मोठा तितकी ती लेन्स रेंजफाइंडरवर जड. ३५ एमएम एफ/२ चा आकडा येतो ६१२, ५० एफ/१.४ चा १७८६, ७५ एफ/१.४ चा ४०१८ आणि ९० एफ/२ चा ४०५०. म्हणजे ९० ची लेन्स त्याच रेंजफाइंडरकडून ३५ च्या साडेसहापट अचूकपणा मागते. दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्याचा आकडा, पाया गुणिले व्ह्यूफाइंडरचं मॅग्निफिकेशन (खिडकीतून प्रतिमा किती मोठी दिसते ते), हा जितका मोठा तितका कॅमेरा अचूक. लायकाच्या एम९ आणि एम२४० मध्ये ६९.२५ गुणिले ०.६८, म्हणजे ४७ मिलिमीटर. एम१० मध्ये मॅग्निफिकेशन ०.७३ केलं म्हणून ५० च्या थोडं वर. २००४ मध्ये आलेला एप्सन आर-डी१, म्हणजे पहिला डिजिटल रेंजफाइंडर, त्याचा पाया ३८ मिलिमीटरच, पण मॅग्निफिकेशन पूर्ण १, म्हणून ३८. हे गणित डोक्यावरून गेलं असेल तर एवढंच धरा की पहिली लेन्स ३५ किंवा २८ घ्या, आणि ९० एफ/२ च्या मोहात पडण्याआधी बॉडी नीट तपासा.

तपासायचं कसं? लांबचा टॉवर किंवा चंद्र बघा, लेन्स अनंताच्या टोकाला टेकवा, दोन्ही प्रतिमा एकमेकांवर बसायला पाहिजेत. एक दुसरीच्या वर-खाली दिसत असेल तर उभी जुळणी गेलेली आहे, त्याचा फोकसवर परिणाम नाही पण डोळ्याला फार त्रास होतो. मग १ मीटरवर एक मोजपट्टी तिरकी ठेवा, ट्रायपॉडवर, ॲपर्चर पूर्ण उघडं, एका आकड्यावर फोकस करा आणि फोटो झूम करून बघा कुठला आकडा शार्प आलाय. हेच ३ मीटरवर. शक्य असेल तर दोन लेन्स लावून बघा, दोन्ही एकाच दिशेला हुकल्या तर दोष बॉडीत, एकच हुकली तर त्या लेन्समध्ये. एम२४० ला लाइव्ह व्ह्यू आहे, म्हणजे सेन्सरला दिसतं ते मागच्या स्क्रीनवर बघता येतं, तिथे तर काम पाच मिनिटांचं. आणि प्लीज, व्हिडिओ बघून ॲलन की घेऊन रोलर स्वतः फिरवू नका. अनंत जुळवलं की जवळचं बिघडतं, जवळचं जुळवलं की अनंत, आणि माणूस रात्रभर तेच करत बसतो.

इथे एक फसगत होते. काही लेन्स एफ/१.५ ला बरोबर आणि एफ/२.८ ला मागे फोकस करतात, झाइसची सी सॉनार ५० एफ/१.५ यासाठी प्रसिद्धच आहे. लेन्सच्या कडेने येणारे किरण मधल्या किरणांपेक्षा थोडे अलीकडे जुळतात, ॲपर्चर बारीक केलं की कडेचे किरण कापले जातात आणि फोकसची जागाच मागे सरकते. रेंजफाइंडरला यातलं काही कळत नाही, तो बिचारा फक्त कडं किती सरकलं तेवढं मोजतो. तेव्हा अशा लेन्सवरून बॉडीला नावं ठेवू नका.

आता सीसीडीच्या श्रद्धेबद्दल. सीसीडीचे रंग जादुई असतात असं लोक देवाच्या गाभाऱ्यात बोलावं तसं बोलतात. अहो, सिलिकॉनला रंग कळतच नाही, ते फक्त प्रकाश मोजतं. रंग येतात वरच्या लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरमधून आणि त्यानंतरच्या सॉफ्टवेअरमधून. एम९ चे रंग मलाही आवडतात, पण त्यासाठी सीसीडी या तीन अक्षरांना जास्तीचे पैसे मोजणं म्हणजे शुद्ध भक्ती.

उलट एम९, एम९-पी, त्याच सेन्सरचा एम-ई आणि पहिला एम मोनोक्रोम यांच्यात खरी भानगड वेगळी आहे, सेन्सरवरची कव्हर ग्लास गंजते. मोकळ्या आकाशाचा एफ/१६ ला फोटो काढा, ब्लोअर मारूनही न जाणारे, भोवती वलय असलेले ठिपके दिसले तर तेच. कंपनी आधी सेन्सर बदलून द्यायची, पण ते सेन्सर संपले. त्यामुळे बदललेला असेल तर त्याची पावती मागाच, ती शटर काउंटपेक्षा कितीतरी मोलाची.

लेन्सला टॉर्च मारून आरपार बघा. पुढच्या काचेवर दोन-चार बारीक चरे असले तर फोटोत काही फरक पडत नाही, पण आतला धूसर पडदा कॉन्ट्रास्ट खातो, आणि विकणारे त्यालाच 'क्लासिक ग्लो' म्हणून खपवतात. रिंग हलवून बघा, फिरायला जड असेल तर चालेल, डुगडुगत असेल तर नको, कारण तेव्हा रोलर एक मोजतो आणि लेन्स भलतीकडेच असते.

वाइड लेन्सचं दुखणं निराळं. यांचा मागचा भाग सेन्सरच्या अगदी जवळ येतो, कोपऱ्यात किरण तिरके पडतात, आणि तिरका किरण सेन्सरवरच्या जाड काचेतून गेला की कोपरे बिघडतात. म्हणून २००६ च्या एम८ वर काच मुद्दाम पातळ ठेवली, फक्त अर्धा मिलिमीटर, आणि मग इन्फ्रारेड आत शिरायला लागलं. काळे सिंथेटिक कपडे जांभळट येतात ते त्यामुळे. उपाय म्हणून प्रत्येक लेन्सवर यूव्ही-आयआर फिल्टर लावायचा, पण वाइड लेन्सवर तो लावला की कोपरे निळसर-हिरवट होतात, आणि ते दुरुस्त करायला कॅमेऱ्याला कुठली लेन्स लागलीय ते कळावं लागतं. एम९ मध्ये लेन्सचं नाव मेन्यूतून निवडता येतं, एम८ मध्ये ती सोय नाही. तेव्हा एम८ साठी वाइड लेन्स बघत असाल तर माउंटवर सहा ठिपक्यांचं कोडिंग (ज्यावरून कॅमेरा लेन्स ओळखतो) असलेलीच बघा, नाहीतर प्रत्येक फोटोचे कोपरे नंतर कॉम्प्युटरवर बसून दुरुस्त करावे लागतील.