सर्व्हरच्या किल्ल्या कोणाकोणाकडे?

मुक्त स्रोत प्रकल्पाच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी होते तेव्हा कोणी कूटलेखन फोडलेले असण्याची शक्यता फारच कमी. बहुतेकदा कोणाची तरी खरी किल्ली चुकीच्या हाती पडलेली असते. नोव्हेंबर २००३ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाच्या यंत्रांत शिरलेल्याने एका डेव्हलपरचा चोरलेला पासवर्ड वापरला आणि कर्नलमधल्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या) एका त्रुटीच्या जोरावर तो रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, झाला. एप्रिल २०१९ मध्ये मॅट्रिक्स या संदेशवहनाच्या प्रकल्पात सुरुवात झाली ती अपडेट न केलेल्या जेनकिन्स या सॉफ्टवेअर बिल्ड करणाऱ्या साधनापासून. पुढची वाट एसएसएचच्या (दूरच्या यंत्रात सुरक्षित लॉगिन करण्याच्या साधनाच्या) एजंट फॉरवर्डिंगने मोकळी करून दिली.

ही सोय समजून घ्यायला हवी. एजंट आपल्या संगणकाच्या मेमरीत खासगी किल्ली (लॉगिनसाठी आपली ओळख पटवणारी गुप्त फाइल) उघडून ठेवतो. फॉरवर्डिंग चालू केले की दूरच्या यंत्रावर एक सॉकेट (संपर्काचे दार) तयार होते आणि तिथून त्या एजंटकडे सही, म्हणजे ओळखीचा पुरावा, मागता येते. त्या यंत्रावर जो रूट, त्यालाही ती मागता येते. किल्ली चोरीला जात नाही, पण आपण लॉगिन असेपर्यंत ती परक्याच्या कामी येते. मधल्या यंत्रातून पुढे जायचे असेल तर एसएसएचचा प्रॉक्सीजंप हा पर्याय वापरावा. त्यात मधले यंत्र फक्त डेटा पुढे सरकवते. ओळख पटवण्याचे काम थेट आपला संगणक आणि शेवटचा सर्व्हर यांच्यात होते.

पासवर्डने लॉगिन बंद करणे हा पहिला नियम सगळ्यांना ठाऊक असतो, आणि तरी तो अनेकदा अर्धवट राहतो. एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये एखाद्या सेटिंगची जी किंमत आधी वाचली जाते तीच टिकते. डेबियन-उबुंटूवर मुख्य फाइलच्या सुरुवातीलाच वेगळ्या फोल्डरमधल्या फाइली वाचल्या जातात. क्लाउडच्या यंत्रात तिथे पासवर्ड चालू ठेवणारी फाइल असेल, तर खाली आपण लिहिलेल्या ‘नो’ला काही अर्थ उरत नाही. कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह (प्रश्न विचारून उत्तर टाइप करून घेणारी) पद्धतही बंद करावी, नाहीतर पॅम या ओळख तपासणाऱ्या यंत्रणेमार्फत पासवर्ड पुन्हा विचारला जातो. शेवटी एसएसएचडी (एसएसएचचा सर्व्हरवरचा प्रोग्राम) मोठ्या ‘टी’च्या (-T) पर्यायासह चालवून प्रत्यक्षात काय लागू आहे ते पाहावे. छोट्या ‘टी’ने (-t) फक्त फाइलीतल्या चुका कळतात. रीलोड करताना जुने सत्र उघडे ठेवून नव्या खिडकीतून लॉगिन होते का, याची खात्री करून घ्यावी. (पोर्ट २२ बदलल्याने लॉगमधला गोंगाट कमी होतो, बाकी फार काही नाही.)

स्वयंसेवकांच्या समूहात खरी अडचण वेगळीच असते: माणसे येतात, कामात गुंततात, हळूहळू दिसेनाशी होतात आणि त्यांची खाती मागे राहतात. अशा खात्याचा पासवर्ड लॉक करून भागत नाही. पॅम चालू असलेल्या नेहमीच्या लिनक्सवर एसएसएचची किल्ली त्यानंतरही चालते. खात्याची मुदत संपवावी, अधिकृत किल्ल्यांच्या फाइलीतून त्यांची ओळ काढावी, चालू सत्रे मारावीत, क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामे आणि गिटची (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाची) टोकन तपासावीत. दर तीन महिन्यांनी प्रत्येक किल्लीपुढे मालकाचे नाव आणि कारण लिहिता येते का ते पाहावे. ज्या किल्लीचे उत्तर मिळत नाही ती काढावी. सामायिक रूट खाते ठेवू नये, सुडोच (स्वतःच्या खात्यातून रूटचे काम करू देणारी आज्ञा) बरा, कारण मग कोणी काय केले ते लॉगमध्ये दिसते. बॅकअपसारख्या यांत्रिक कामाच्या किल्लीला एकच ठरावीक आज्ञा बांधून द्यावी.

रूट झालेला घुसखोर त्याच यंत्रावरचे लॉग पुसू शकतो, म्हणून त्यांची प्रत लगेच दुसऱ्या यंत्राकडे जायला हवी. बॅकअपही बॅकअपच्या यंत्राने ओढून घ्यावा. सर्व्हरने ढकलला तर तो पुसण्याचा अधिकारही सहसा सर्व्हरकडेच राहतो. रूटपर्यंत घुसखोरी झालेले यंत्र साफ करत बसू नये, नव्याने उभे करावे.

२०११ मध्ये कर्नल.ऑर्ग या लिनक्स कर्नलच्या संकेतस्थळाच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली तेव्हा गिटचा मोठा आधार होता: प्रत्येक कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, मागच्यांवर अवलंबून असल्यामुळे इतिहासात केलेला बदल जगभरच्या प्रतींशी जुळला नसता. टारबॉलला (प्रसिद्ध केलेल्या कोडच्या एकत्र बांधलेल्या फाइलीला) हे संरक्षण नाही. २०२४ मधल्या एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनातल्या मागच्या दाराचा (छुप्या प्रवेशमार्गाचा) एक आवश्यक दुवा प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्येच होता, गिटमध्ये नव्हता. डाउनलोडच्या शेजारी ठेवलेला चेकसमही (फाइल जुळते का ते पाहण्याचा आकडाही) फारसा कामाचा नाही, कारण फाइल बदलणारा तोही बदलतो. म्हणून टारबॉल गिटमधल्या टॅगवरून (आवृत्तीच्या खुणेवरून) पुन्हा बनवून जुळतो का ते पाहावे, आणि सही करण्याची किल्ली त्या सर्व्हरवर कधीच ठेवू नये.