पार्श्वभूमी : सिक्कीमच्या धारा आणि माथ्यापलीकडचं पुनर्भरण

ऑक्टोबर 2023 मध्ये दक्षिण ल्होनाक हिमसरोवर फुटलं, चुंगथांगचं धरण वाहून गेलं आणि तेव्हापासून सिक्कीममधल्या हवामान बदलाची चर्चा हिमसरोवरांभोवतीच फिरते आहे. ते संकट खरंच आहे. मात्र राज्यातल्या सुमारे 80 टक्के ग्रामीण घरांचं पाणी झऱ्यांमधून येतं. नेपाळीत त्यांना धारा म्हणतात. या झऱ्यांचा बर्फाशी फारसा संबंध नाही. डोंगरात मुरलेला पाऊस खडकाच्या भेगांमधून सावकाश झिरपत बाहेर पडतो, ती धारा. पाऊस थोड्या दिवसांत धो धो कोसळू लागला आणि हिवाळी सरी कमी झाल्या की उतारावरून वाहून जाणारं पाणी वाढतं, मुरणारं घटतं. वर्षाचा एकूण पाऊस तेवढाच राहिला तरी मार्चमध्ये धारा बारीक होते.

तिस्ता आणि रंगीत या नद्या खोल दऱ्यांतून वाहतात, वस्त्या मधल्या उतारांवर. नदीचं पाणी उपसून वर नेणं परवडत नाही. त्यामुळे गाव वसलं ते धारेच्या आधारानेच. उगमाशी देवीथान असे, तिथली झाडं तोडत नसत. पुढे काळे प्लास्टिकचे पाइप आले, पाणी उताराने घरापर्यंत पोचू लागलं, आणि उगमाकडे रोज जाणारी पावलं थांबली.

या साऱ्याची मोजणी बरीच उशिरा झाली. 2010 च्या सुमारास झालेल्या मोजणीत धारांचा सरासरी प्रवाह पावसाळ्यानंतर मिनिटाला 51 लिटर, तर मार्च ते मे या काळात फक्त 8 लिटर होता. दुष्काळी पट्ट्यात उन्हाळी प्रवाह दहा वर्षांत जवळपास निम्म्यावर आल्याचं गावकरी सांगत होते. 8 लिटर म्हणजे 10 लिटरची बादली भरायला 75 सेकंद. दिवसाचे साडेअकरा हजार लिटर. माणशी 55 लिटर धरले तर 209 माणसांना पुरेल, तेही रात्रीचं पाणी टाकीत साठवलं तर. टाकी नसेल तर रात्रभराची धार ओढ्याला मिळते आणि गावाच्या वाट्याला निम्मंच येतं.

2008 मध्ये राज्याच्या ग्रामविकास यंत्रणेने धारा विकास हा कार्यक्रम हाती घेतला. पैसा रोजगार हमीचा. त्या योजनेत मजुरी आणि साहित्याचं प्रमाण 60:40 ठेवावं लागे. पाऊस मुरवायला डोंगरउतारावर चर खणण्याचं काम जवळपास सगळं मजुरीचं, म्हणून ते योजनेत अलगद बसलं. महाराष्ट्राचा संबंध इथेच येतो. धारांमागचा खडक वाचायला शिकवणाऱ्यांमध्ये पुण्यातले भूजलशास्त्रज्ञ होते.

खरा वाद पेटला तो चर कुठे खणायचे यावरून. पाणलोटाचं काम केलेल्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेला नियम म्हणजे माथा ते पायथा. सह्याद्रीत तो बऱ्यापैकी चालतो, कारण बसाल्टचे थर जवळजवळ आडवे आहेत. माथ्यावर मुरलेलं पाणी मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्यांच्या, खडकाच्या थरापर्यंत उतरतं आणि त्या थराच्या कडेने, बहुधा त्याच डोंगराच्या कुशीत, बाहेर येतं. सिक्कीममध्ये फिलाइट, शिस्ट, क्वार्टझाइट या खडकांचे थर तिरके आहेत, वर भेगा आणि प्रस्तरभंग, म्हणजे खडक तुटून सरकल्याच्या जागा. थर ज्या बाजूला कलतात त्या बाजूला पाणी जातं, मग जमिनीवरचा उतार कसाही असो. पूर्वेकडे कललेल्या थरांवरची धारा पूर्व उतारावर फुटते, पण तिला पाणी पुरवणाऱ्या थरांची उघडी टोकं पश्चिम उतारावर, माथ्यापलीकडे असू शकतात. धारेच्या डोक्यावर शंभर चर खणले तरी त्यांचं पाणी भलत्याच ओढ्यात जाऊ शकतं.

म्हणून कामाचं एकक पाणलोटाऐवजी धारेचं पुनर्भरण क्षेत्र, म्हणजे जिथे मुरलेला पाऊस त्या धारेला मिळतो ती जागा, धरायचं ठरलं. हा निर्णय शास्त्राच्या दृष्टीने बिनतोड होता. प्रशासनाच्या दृष्टीने डोकेदुखी. कामांची यादी ठरते ग्रामपंचायतीत. पुनर्भरण क्षेत्र मात्र शेजारच्या पंचायतीत, राखीव जंगलात किंवा अशा मालकाच्या शेतात, ज्याच्या नळाला त्या धारेचा थेंबही येत नाही. त्याने जमीन का द्यावी? मजुरी त्याच्या गावाला, पाणी दुसऱ्या गावाला, आणि चरांमुळे घटलेलं पीक त्याचं एकट्याचं. शेत कसणारा अधियावर, म्हणजे अर्ध्या वाट्यावर, असेल तर होकार कोणाचा घ्यायचा हाही प्रश्न. अडचणीमुळे अनेकांना धारेच्या थेट वरची सरकारी जमीन सोयीची वाटते. पण सोयीची जागा आणि बरोबर जागा एकच असेल याची काहीही खात्री नसते. खणण्याआधी कंपास आणि नतिमापक घेऊन थरांचा कल चार-पाच ठिकाणी मोजणं, आजूबाजूच्या सगळ्या धारा नकाशावर टाकणं आणि वर्षभर दर महिन्याला बादली लावून प्रवाह मोजणं, एवढं तरी हवंच. या अभ्यासाचा खर्च मजुरीत बसत नाही, म्हणून घाईत पहिली काट त्यालाच लागते. ही बचत सर्वांत महागात पडते.

जागा बरोबर निघाली की काम सोपं. चर सलग ठेवत नाहीत; एका ओळीतल्या मोकळ्या जागेखाली पुढच्या ओळीचा चर येईल असे खंडित काढतात. 2 मीटर लांब, 1 मीटर रुंद, पाऊण मीटर खोल चरात एका भरणीला दीड हजार लिटर मावतात. माती खालच्या बाजूला टाकून बांध घालायचा, त्यावर अम्लिसो लावायचं. या गवताचे झाडू होतात, म्हणून शेतकरी ते टिकवतो. जिथे जमिनीला आधीच तडे आहेत, झाडं कललेली आहेत किंवा दरडीचा जुना मलबा आहे, तिथे चर अजिबात नको. मुरलेलं पाणी मातीचं वजन वाढवतं, घर्षण कमी करतं आणि उतार घसरतो. पुनर्भरण क्षेत्रात शोषखड्ड्याचे संडास राहिले तर वाढलेल्या धारेतून रोगजंतूही वाढून येतात.

सुरुवातीच्या पाच धारांचा उन्हाळी प्रवाह 2010-11 मध्ये मिनिटाला 4.4 लिटरवरून 14.4 लिटरवर गेला. एका वर्षाच्या पावसाचा हात त्यात किती, हे ठरवायला मोजणी बरीच वर्षं चालावी लागते. त्यातच सप्टेंबर 2011 चा 6.9 रिश्टरचा भूकंप आला. भूकंपाने भेगा उघडतात, मिटतात आणि धारांच्या जागाही हलतात. जलविद्युत प्रकल्पांच्या बोगद्यांवरच्या गावांची धारा आटल्याची तक्रारही जुनी आहे. बोगदा भूजलाच्या वाटेला छेद देतो, आणि माथ्यावरच्या चरांनी ती भरपाई होत नाही.

2018 मध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या अहवालाने हिमालयातल्या सुमारे 30 लाख झऱ्यांपैकी जवळपास निम्मे आटत चालल्याचं नोंदवलं. 2019 पासून घरोघरी नळाची मोहीम सुरू झाली. डोंगरात त्या नळाचं दुसरं टोक बहुधा धारेलाच असतं. नळजोडण्या रोजच्या रोज मोजल्या जातात. उगमाचा मार्च ते मेचा प्रवाहही तितक्याच नेमाने नोंदवायला हवा. दोन-तीन पावसाळ्यांत चर गाळाने भरतात, म्हणून तो उपसण्याची मजुरी पहिल्याच अंदाजपत्रकात धरायला हवी.