पुन्हा पुन्हा उडणारं यान आणि एकदाच फुटणारी चकती

प्रेशर कुकरच्या झाकणावर दोन गोष्टी असतात. एक शिट्टी, जी हजारो वेळा वर उचलली जाते आणि खाली बसते. दुसरा सेफ्टी व्हॉल्व्ह, जो एकदाच उडतो. उडाला की दुकानातून नवा आणून बसवायचा. त्या एकदाच कामाला येणाऱ्या भागाच्या भरवशावर आपण तोच कुकर वर्षानुवर्षं वापरतो. पुन्हा वापरता येणाऱ्या अंतराळयानांबद्दल वाचताना मला हे झाकण सारखं आठवतं. कारण असं यान आखणाऱ्या अभियंत्याला पहिला प्रश्न पडतो तो परत काय आणायचं हा नाही, तर काय टाकून द्यायचं हा.

अमेरिकेच्या स्पेस शटलने शक्य तितकं सगळं परत आणायचं ठरवलं होतं. बाहेरची मोठी इंधनटाकी तेवढी दर वेळी जायची. माणसं आणि माल एकाच यानातून न्यायचे, विमानासारखं धावपट्टीवर उतरायचं आणि पुन्हा उडायचं. 12 एप्रिल 1981 ते जुलै 2011 या काळात शटलची 135 उड्डाणं झाली. पण हे यान रिकामं असतानाच 80 टनांच्या आसपास भरायचं. पंख लागायचे ते परतीच्या शेवटच्या अर्ध्या तासात. मुख्य इंजिनांचं काम उड्डाणानंतर साडेआठ मिनिटांत संपायचं आणि पुढे कित्येक दिवस ती नुसतं ओझं होऊन पृथ्वीभोवती फिरायची. परत आणायच्या प्रत्येक किलोला आधी वर न्यावं लागतं, आणि त्याची किंमत इंधनात मोजावी लागते.

परतीच्या वेळची उष्णता अडवणारी, शटलच्या अंगावरची एक टाइल जवळून पाहू. सिलिकाच्या बारीक तंतूंची, जवळपास नव्वद टक्के हवाच असलेली, हातात घेतली तर थर्मोकोलसारखी हलकी. भट्टीतून लालबुंद बाहेर काढलेली अशी टाइल काही सेकंदांत उघड्या बोटांनी कोपऱ्यांना धरून दाखवत असत. पोटात ती अजून धगधगत असायची, कोपरे मात्र निवलेले. अशा सुमारे 31,000 टाइल कोलंबिया यानावर होत्या. बहुतेकींचा आकार वेगळा, म्हणून प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक. त्या हाताने चिकटवायच्या, उड्डाणानंतर एकेक तपासायची आणि पाणी शोषू नये म्हणून प्रत्येकीत सुईने रसायन भरायचं. उड्डाणांचे बेत वर्षाला डझनावारी आखले होते. प्रत्यक्षात सर्वाधिक उड्डाणं झाली 1985 मध्ये, ती नऊ.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे उड्डाणाच्या वेळी काही बिघडलं तर अंतराळवीरांना यानासकट रॉकेटपासून झटकन दूर नेणारी सोय शटलमध्ये नव्हती. 1986 मध्ये चॅलेंजर 73 सेकंदांत नष्ट झालं. 2003 मध्ये कोलंबियाच्या डाव्या पंखावर सुमारे पाऊण किलोचा फोमचा तुकडा आदळला. तो आला होता त्या टाकून द्यायच्या टाकीवरूनच. 1 फेब्रुवारीला परतताना पंखाच्या त्या भगदाडातून तप्त वायू आत शिरले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही जणांचा मृत्यू झाला. चौकशी मंडळाने पुढे सांगितलं, की माणसांची आणि मालाची वाहतूक जमेल तितकी वेगळी करा.

ड्रॅगन हे स्पेसएक्स या अमेरिकी खासगी कंपनीचं यान या धड्यानंतरचं. ‘वेगळी करा’ याचा अर्थ तिथे एकाच साच्यातली दोन भावंडं असा झाला. बाहेरचा आकार सारखा. एकात आसनं, श्वासाची सोय आणि संकटात यानाला रॉकेटपासून दूर नेणारी सुटकेची इंजिनं, दुसऱ्यात त्यांच्या जागी सामान. सुटकेच्या इंजिनांचं वजन मालाच्या उड्डाणात कशाला वाहायचं? पंख तर दोघांनाही नाहीत.

पंख नसलेली बोथट कुपी, म्हणजे कॅप्सूल, दिसायला जुनाट वाटते, पण तिच्यामागचा विचार मला फार देखणा वाटतो. कक्षेतून परतणाऱ्या यानाचा वेग ताशी सुमारे 28,000 किलोमीटर असतो. इतक्या वेगाला टोकदार नाकच हवं, असं कुणालाही वाटेल. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला ज्युलियन ॲलन या अमेरिकी शास्त्रज्ञाने नेमकं उलटं दाखवलं. टोकदार वस्तूच्या अंगाला उष्णता थेट भिडते. बोथट वस्तूपुढे मात्र हवा दाबली जाऊन आघातलहर तयार होते. ती अंगापासून थोडी दूर राहते आणि बरीचशी उष्णता हवेतच निघून जाते. उरलेली सोसायला ड्रॅगनच्या बुडाला ढाल असते, राळेत मुरवलेल्या कार्बन तंतूंची. चुलीतलं जाड लाकूड वरून कोळसा होतं आणि आतून बराच वेळ तसंच राहतं, त्याच रीतीने ही ढाल वरवर जळते आणि निघणारे वायू उष्णता दूर ढकलतात. शटलच्या टाइल न जळता टिकायच्या होत्या. ही ढाल जळण्यासाठीच असते आणि जळालेला थर पुढच्या फेरीआधी बदलता येतो.

सुटकेची इंजिनं हा या रचनेतला सर्वांत धाडसी भाग. रशियाचं सोयूझ किंवा आपलं गगनयान यांत कुपीच्या डोक्यावर रॉकेटचा मनोरा असतो. धोका टळला की तो टाकून देतात. ड्रॅगनमध्ये आठ सुपरड्रॅको इंजिनं कुपीच्या भिंतीतच बसवली, म्हणजे ती परत येतात. त्यांच्याच जोरावर पॅराशूटशिवाय जमिनीवर उतरायचा बेतही होता. तो 2017 मध्ये सोडून दिला. पण इंजिनं परत आणायची म्हणजे त्यांचं जहाल इंधनही प्रवासभर माणसांच्या सोबतीला राहणार.

20 एप्रिल 2019 रोजी फ्लोरिडात जमिनीवर या इंजिनांची चाचणी सुरू होती. यान तेच होतं, जे मार्चमध्ये माणसांविना अंतराळस्थानकाला जाऊन आलं होतं. इंजिनं पेटण्याच्या सुमारे 100 मिलिसेकंद आधी ते स्फोटात नष्ट झालं. आत कुणी नव्हतं.

कारण सापडलं ते एका झडपेपाशी. सायकलच्या ट्यूबला असते तशी ती एकाच दिशेने जाऊ देणारी झडप; टाकीतलं द्रव इंजिनाकडे ढकलणारा हेलियम वायू टाकीकडे सोडायचा आणि टाकीतलं नायट्रोजन टेट्रॉक्साइड, म्हणजे इंधन जाळणारं द्रव, मागे येऊ द्यायचं नाही, एवढं तिचं काम. त्यातलं थोडं द्रव आधीच मागे झिरपून हेलियमच्या नळीत साचलं होतं. इंजिनं सुरू करताना हेलियमचा प्रचंड दाब एका क्षणात सुटला आणि तो द्रवाचा गोळा बंदुकीच्या गोळीसारखा झडपेवर आदळला. झडप टायटॅनियमची होती. त्या आघाताने तो धातूच पेटला. टायटॅनियम अशा परिस्थितीत पेट घेईल, अशी कुणाची अपेक्षा नव्हती.

उपाय केला तो पाहून मला कुकर आठवला. पुन्हा पुन्हा उघडझाप करणारी झडप काढून तिथे बंद चकती बसवली. ती एरवी नळी पूर्ण बंद ठेवते, थेंबही झिरपू देत नाही आणि ठरावीक दाब आला की फुटते. एकदाच.

30 मे 2020 रोजी दोन अंतराळवीर ड्रॅगनमधून निघाले आणि तेच यान एप्रिल 2021 मध्ये दुसऱ्या चौघांना घेऊन पुन्हा गेलं.

टाकून दिलेल्या वस्तूही कुठेतरी पडतातच. कुपीखाली सौरपट्ट्या असलेला पोकळ नळकांड्यासारखा भाग असतो, त्याला ट्रंक म्हणतात. वातावरणात शिरण्याआधी तो सोडून देतात. तो पूर्ण जळून जाईल, असा अंदाज होता. जुलै 2022 मध्ये ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या कुरणात त्याचा माणसापेक्षा उंच तुकडा मातीत रुतलेला सापडला. तेव्हा परतीचा क्रमच बदलला. आधी इंजिन चालवून यान कक्षेतून खाली आणायचं, मग ट्रंक सोडायची, म्हणजे ती समुद्रात ठरलेल्या पट्ट्यात पडते. त्यासाठी उतरण्याची जागाही फ्लोरिडाहून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला हलवली.

म्हणूनच 15 जुलै 2025 रोजी, आपल्याकडे दुपारचे तीन वाजत असताना, शुभांशु शुक्ला यांना घेऊन परतलेलं ‘ग्रेस’ हे ड्रॅगन यान सॅन दिएगोजवळ प्रशांत महासागरात उतरलं. ते या यानाचं पहिलंच उड्डाण होतं. चार पॅराशूट पाण्यावर पसरली होती, ट्रंक अर्ध्या तासापूर्वीच सुटली होती आणि करपलेली कुपी लाटांवर डोलत बोटीची वाट पाहत होती.