पटकीच्या विषापासून टी-पेशींपर्यंत: शर्करायुक्त मेदांची पार्श्वभूमी

वारीच्या दिवसांत पंढरपुरात पसरणारी पटकी (कॉलरा) हा सोलापूर जिल्ह्याचा एकेकाळचा मोठा घोर. चंद्रभागेच्या वाळवंटात मुक्काम आणि प्यायला तेच पाणी. पटकीचा जंतू माणसाच्या अंगातले पाणी कसे काढून घेतो, याचा उलगडा १९५९ मध्ये कोलकात्यात झाला. शंभुनाथ डे यांनी जंतू गाळून काढलेला द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात सोडला आणि तो पाण्याने टम्म फुगला. म्हणजे दोषी जंतू स्वतः नव्हे, त्याने द्रवात सोडलेले विष.

ते विष पेशीला धरते कुठे? याचे धागेदोरे मेंदूच्या रसायनशास्त्रात होते. थुडिकम यांनी १८८४ च्या ग्रंथात मेंदूतल्या अनोख्या मेदांचे वर्णन केले होते आणि त्यांच्या एका घटकाला स्फिंगोसिन हे नाव दिले होते. १९४२ मध्ये क्लेंक यांनी त्यांतल्या सिअ‍ॅलिक आम्ल (एक आम्लधर्मी शर्करा) असलेल्या गटाला गँग्लिओसाइड म्हटले. १९७१ मध्ये दिसले की गँग्लिओसाइड मिसळले की पटकीचे विष निकामी होते. १९७३ पर्यंत विष ज्याला धरते तो नेमका रेणूही हाती आला, जीएम१ नावाचा गँग्लिओसाइड. त्याची मेदाची शेपटी पेशीपटलात रुतलेली असते आणि पाच शर्करांचे डोके बाहेर.

इथून प्रतिकारशक्तीच्या अभ्यासकांना एक हत्यार मिळाले. विषाचा निरुपद्रवी ‘बी’ भाग चमकत्या रंगाला जोडायचा आणि टी-पेशींवर (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या रक्तपेशींवर) जीएम१ कुठे आहे ते पाहायचे. १९९७ मध्ये सायमन्स आणि इकोनेन यांनी ‘लिपिड राफ्ट’ची, म्हणजे पटलावर तरंगणाऱ्या मेदांच्या बेटांची, कल्पना ठळकपणे मांडली. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेला प्रत्येक ठिपका बेट ठरू लागला. घोळ इथेच झाला. ‘बी’ भागाला पाच हात असतात. तो पाच जीएम१ एकत्र ओढतो, म्हणजे ठिपका काही अंशी रंगानेच घडवलेला असतो. वरून ‘बी’ भागाला चिकटणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) घातली की गोळे आणखी मोठे होतात.

म्हणून रंगवताना पेशी बर्फावरच ठेवाव्यात. मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम ‘बी’ भाग पुरतो. पेशी स्थिर करायला वापरल्या जाणाऱ्या पॅराफॉर्मल्डिहाइडने प्रथिने जखडतात, मेद नाही. त्यामुळे ‘पेशी आधीच स्थिर केल्या होत्या’ एवढ्यावर विसंबू नये. दोन पडताळण्या हव्यातच. सुटे जीएम१ आधी ‘बी’ भागात मिसळले तर रंग जायला हवा. ग्लुकोसिलसेरामाइड (ज्यापासून पुढे जीएम१ घडतो तो मेद) बनवणारे विकर (एन्झाइम) काही दिवस रोखले तरी तो उतरायला हवा. उतरला नाही तर ‘बी’ भाग फ्युकोज ही शर्करा असलेल्या प्रथिनांना चिकटत असण्याची शक्यता तपासावी.

मेद प्रत्यक्ष काढून मोजणे जास्त खात्रीचे. क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल २:१, पेशींच्या २० पट. मग मिश्रणाच्या एक पंचमांश क्षारपाणी. दोन थर पडतात आणि गँग्लिओसाइड बहुतांशी वरच्या पाणीदार थरात जातात. मेद खालीच असणार असे धरून वरचा थर मोरीत ओतला की सगळे संपले. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतो. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्या खोलीत झाकण सैल राहिले तर २:१ हे प्रमाण टिकत नाही. बाटल्या काचेच्या, घट्ट बुचाच्या हव्यात. काढलेले मेद पातळ थराच्या काचपट्टीवर वेगळे करून त्यावर रिसॉर्सिनॉल फवारून तापवले की सिअ‍ॅलिक आम्ल निळेजांभळे उठते.

रंगावर न विसंबता मिळालेला भक्कम पुरावा उंदरांतून आला. २०१२ मध्ये दिसले की जीएम३ (जीएम१ च्याच घराण्यातला साधा गँग्लिओसाइड) बनवणारे विकर नसले तर सीडी४ (मदतनीस) टी-पेशी मंदावतात, सीडी८ (मारक) मात्र ठीक राहतात. जीएम३ च्या पुढच्या पायरीचे विकर नसले तर सीडी८ मंदावतात. एकाच घराण्यातले मेद, पण प्रत्येक पेशीची गरज वेगळी. न्यूट्रोफिल या जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींत संदेश आत पोहोचवण्याचे काम लॅक्टोसिलसेरामाइड हा शर्करायुक्त मेद करतो. त्याची मेदसाखळी २४ कार्बनची असेल तरच पटलाच्या आतल्या बाजूच्या लिन या विकरापर्यंत संदेश पोहोचतो. डोक्यावरची शर्करा तीच, फक्त शेपटी आखूड, तरी संदेश अडतो. म्हणून अहवालात मेदसाखळीची लांबी लिहिलीच पाहिजे.