मुरगळलेला घोटा आणि क्रेपचे वेढे

पायरी चुकते, पाऊल आत वळते आणि घोट्याच्या बाहेरच्या हाडाखाली बघता बघता सूज चढते. मग घरात आंबेहळदीचा लेप उगाळला जातो आणि कपाटात कधीची पडून असलेली क्रेप बँडेजची गुंडाळी शोधली जाते. लेपाने सहसा काही बिघडत नाही. तेल लावून पाय जोरात चोळण्याची हौस मात्र पहिले दोन दिवस आवरलेली बरी, कारण त्याने आतला रक्तस्राव वाढू शकतो.

अशा वेळी बहुधा घोट्याच्या बाहेरच्या अंगाचा, पुढच्या बाजूचा अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाडाशी जोडणारा पट्टा (लिगामेंट), दुखावतो. त्याचे तंतू ताणले किंवा तुटले की आसपासच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्त आणि द्रव ऊतींमध्ये झिरपतो. क्रेपचे मुख्य काम हे झिरपणे बाहेरून दाब देऊन रोखण्याचे आहे. हाड जागेवर धरून ठेवण्याइतकी ताकद त्या लवचीक कापडात नसते.

हा दाब किती पडेल, हे लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमावरून कळते. पट्टीचा ताण आणि थर वाढले की दाब वाढतो, आणि पट्टीखालच्या भागाची गोलाई मोठी असली की तो कमी होतो. त्यामुळे सारख्याच ताणाने बांधलेली पट्टी बारीक घोट्याला जास्त आणि भरलेल्या पोटरीला कमी आवळते, आणि द्रव वर सरकायला तेच सोयीचे असते. गंमत अशी, की हाच नियम घोट्याच्या हाडापाशी आड येतो. उंचवट्यावर पट्टी रुतते, पण त्याच्या मागच्या-खालच्या खळग्यात, जिथे सूज साठते, तिथे ती टेकतच नाही. म्हणून जाणकार फिजिओथेरपिस्ट फेल्टचा (जाड नमद्याचा) किंवा घट्ट कापसाचा घोड्याच्या नालेच्या आकाराचा तुकडा हाडाला खालून वेढून बसवतात आणि मगच पट्टी बांधतात. घरी हे सहसा कुणी करत नाही, हे नवलच, कारण त्याला खर्च जवळजवळ काहीच नाही.

बांधताना पाऊल नडगीशी काटकोनात धरावे. सुरुवात बोटांच्या मुळाशी करावी. नुसत्या घोट्याभोवती कडे केले तर त्याखालचे पाऊल फुगते. तिथून पट्टी पावलाच्या वरून तिरपी घोट्यामागे, परत पुढे आणि तळव्याखालून अशी, मराठी आठाऐवजी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरवावी. तळव्याखाली ती आतून बाहेर जावी, म्हणजे पावलाची बाहेरची कड वर उचलली जाते. प्रत्येक वेढ्याने आधीचा अर्धा झाकावा. बोटे उघडी ठेवावीत आणि अंगठ्याचे नख दाबून सोडावे. पांढरे पडलेले नख दोनेक सेकंदांत गुलाबी झाले नाही, बोटे थंड पडली किंवा मुंग्या आल्या, तर पट्टी सोडून सैल बांधावी. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी ही पट्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बांधू नये, कारण त्यांना आवळल्याचे कळतच नाही.

अर्थात हाड मोडलेले नाही, याची खात्री आधी हवी. कॅनडात 1992 मध्ये मांडलेले ओटावा नियम त्यासाठी जगभर वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या खालच्या 6 सेंटिमीटरमध्ये, मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबून दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासतानाही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. पावलाच्या मध्यभागी दुखत असेल, तर त्याचेही असेच निकष आहेत.

खेळाडू लावतात ती न ताणणारी चिकटपट्टी निराळी; तिचे काम घोट्याला आत वळू न देण्याचे. पण अर्ध्या तासाच्या धावपळीत ती बरीच सैल होते, आणि तरीही पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण कमी झालेले दिसते. त्वचेवरच्या ओढीमुळे पाऊल कसे पडते आहे याची जाणीव मेंदूला लवकर होत असावी, असा एक खुलासा दिला जातो. या चिकटपट्टीचा फायदा मुख्यतः ज्यांचा घोटा आधी एकदा मुरगळला आहे, त्यांनाच होतो.