बायोस अपडेटआधी बोर्डाचं पूर्ण नाव का विचारतात?

बायोस, म्हणजे पीसी सुरू करणारा मदरबोर्डावरच्या चिपमधला प्रोग्राम, अपडेट करायचंय म्हटलं की जाणकार माणूस पहिला प्रश्न विचारतो, बोर्ड कोणता? नुसतं कंपनीचं नाव सांगून भागत नाही. पूर्ण मॉडेल हवं, रिव्हिजनसुद्धा (त्याच मॉडेलची कितवी आवृत्ती ते) हवी. विंडोज एकाच पेनड्राइव्हवरून दहा वेगवेगळ्या पीसींवर चढते, मग बायोसलाच एवढं सोवळं का?

त्याचं कारण बायोसच्या जन्मातच आहे. गॅरी किल्डॉल यांनी सत्तरच्या दशकात सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली, तेव्हा प्रत्येक मशीनचं हार्डवेअर निराळं होतं. दर मशीनसाठी अख्खी सिस्टीम नव्याने लिहिणं परवडणारं नव्हतं. म्हणून कीबोर्ड, स्क्रीन, फ्लॉपी यांच्याशी थेट बोलणारा भाग त्यांनी वेगळा काढला आणि त्याला बायोस म्हटलं. मशीनगणिक जे जे बदलतं ते मुद्दाम या एका जागी आणून ठेवलं. सिस्टीम सगळ्यांची एक, बायोस ज्याचा त्याचा.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा पीसी आला. त्याचा बायोस अवघ्या ८ केबीचा. आयबीएमने त्याची ओळन् ओळ तांत्रिक पुस्तिकेत छापली होती, पण हक्क स्वतःकडे राखून. आयबीएमसारखाच पीसी बनवू पाहणाऱ्या कॉम्पॅक कंपनीने मग दोन गट केले. एकाने वाचून तो काय काय करतो ते टिपलं, दुसऱ्याने मूळ न बघता त्या टिपणावरून नवा लिहिला. १९८४ मध्ये फीनिक्स या सॉफ्टवेअर कंपनीने असाच बायोस इतर कंपन्यांना विकायला काढला; पुढे अवॉर्ड आणि एएमआयही या धंद्यात मोठे झाले. बोर्ड बनवणाऱ्या कंपन्या तो घेऊन आपापल्या चिपसेटप्रमाणे (बोर्डावरचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या चिप्सप्रमाणे) बेतून घेत. त्यामुळे स्क्रीनवर ‘अवॉर्ड’ दिसलं, तरी शेजारच्या पीसीच्या अवॉर्डची फाइल आपल्याला चालेल असं मुळीच नाही.

तोवर बायोस बदलणं म्हणजे चिपच बदलणं. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये पुसून पुन्हा लिहिता येणारी फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली आणि नव्वदच्या दशकात ती बोर्डांवर आली. फ्लॉपी घालून घरच्या घरी बायोस बदलता येऊ लागला. मोठीच सोय, पण जे पुसता येतं ते चुकूनही पुसलं जातं. चुकीची फाइल लिहिली किंवा मध्येच वीज गेली, तर मशीनला सुरू कसं व्हायचं हेच आठवत नाही.

हे सगळ्या जगाला कळलं २६ एप्रिल १९९९ ला. तैवानमधल्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच व्हायरस त्या दिवशी पेटला. हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग तर तो पुसायचाच, शिवाय ज्या बोर्डांवर चिपला लिहिण्यापासून संरक्षण नव्हतं तिथे बायोसही खराब करायचा. पंखा फिरतोय, स्क्रीन काळी, बीपसुद्धा नाही, अशी मशीनं दुरुस्तीला यायची. त्यावरचा उपाय मी जवळून पाहिला आहे. अगदी त्याच मॉडेलचा चांगला पीसी सुरू करायचा, चालू असतानाच त्याची बत्तीस पायांची चिप खालून दोरा सरकवून अलगद उपसायची, मेलेली चिप खाच जुळवून तिथे बसवायची आणि फ्लॅश करायचं, म्हणजे तिच्यावर बायोस नव्याने लिहायचा. हात थरथरला तर दोन्ही बोर्ड गेले. आणि ‘त्याच मॉडेलचा’ हा शब्द तेव्हा किती जड होता! गिगाबाइट कंपनीने बोर्डावर दुसरी, राखीव बायोस चिप दिली आणि पुढे काही बोर्डांवर प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून बायोस लिहिण्याचं बटण आलं.

बोर्ड ओळखायची रीतही बदलत गेली. पूर्वी पीसी सुरू होताना पॉज दाबून स्क्रीनच्या तळाची ओळ उतरवून घ्यायचो. तारीख, चिपसेट आणि मग कंपनीचा कोड. नंतर बोर्डाचं नाव बायोसमधल्याच एका तक्त्यात नोंदवायची प्रथा पडली. विंडोजचं सिस्टीम इन्फर्मेशन किंवा लिनक्सची डीएमआयडिकोड ही कमांड तेच वाचून दाखवते. पण कारखान्यात तो रकाना भरलाच नसेल, तर नावाच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ (उत्पादकाने भरायचं) एवढंच दिसतं. मग बाजूचं झाकण उघडा आणि टॉर्च घेऊन बोर्डावर छापलेलं नाव वाचा. रिव्हिजन बहुधा कोपऱ्यात, बारीक अक्षरात असते. कंपनीचा तयार डेस्कटॉप असेल, तर बोर्डापेक्षा मशीनचाच मॉडेल नंबर धरावा.

नवी फाइल म्हणजे चांगलीच, असंही समजू नये. २०१९ मध्ये एएमडीचे रायझन ३००० प्रोसेसर आले तेव्हा एएम४ सॉकेटच्या (प्रोसेसर बसवायच्या खाचेच्या) बऱ्याच जुन्या बोर्डांवरची १६ एमबीची चिप अपुरी पडली. काही कंपन्यांनी नव्या प्रोसेसरला जागा करण्यासाठी जुन्या काही प्रोसेसरांचा आधार काढून टाकला. अशा बोर्डावर त्यांतलाच एखादा जुना प्रोसेसर तसाच ठेवून नवा बायोस चढवला, तर पीसी सुरूच होणार नाही. हे डाउनलोडच्या पानावर बहुधा फाइलच्या खालच्या दोन ओळींत लिहिलेलं असतं, आणि परत जुन्या आवृत्तीवर येता येईल का, तेही तिथेच.